पेशी भरपूर हायत

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वाकडं आहे. चौथीपर्यंतच शिकले, सांभाळून घ्या.

लातूरला दवाखान्याच्या बाकावर औशाची एक बाई शेजारी बसली होती. डावा हात मांडीवर निपचित. पिशवीची गाठ ती दातांनी सोडायची.

मी रक्ताचा रिपोर्ट दाखवला. "पेशी भरपूर हायत, म्हणून मीच बीपीची गोळी बंद केली." डेंग्यूत या पेशी, म्हणजे प्लेटलेट, कमी झाल्या की गाव घाबरतं, म्हणून भरपूर म्हणजे चांगलंच वाटलं.

ती हसली. "दिवानी हाय का गं? माझ्याबी भरपूर होत्या. बीपी वाढलं की पेशी चिकट होतात, डॉक्टरसाब बोलले. मेंदूत गुठळी झाली, हात गेला. नुसत्या मोजून काय करते?"

माझ्याच पिशवीतलं गोळ्यांचं पाकीट दातांनी फोडून तिने गोळी माझ्या तळहातावर ठेवली.

तेव्हापासून गोळी चुकवली नाही. आत्ताही उजव्या हाताने लिहिते आहे आणि कागद डाव्या हाताने घट्ट धरला आहे.