एकुलत्या किडनीला सुई

गॅसचा त्रास होतो म्हणून सोनोग्राफीला गेलो आणि किडनीवर गाठ घेऊन घरी आलो. गाठ बोराएवढी. पण माझ्याकडे किडनी एकच आहे. दुसरी काही वर्षांपूर्वी थोरल्या भावाला दिली. तिच्या जिवावर तो धुळ्याकडच्या आमच्या गावी शेती करतो आणि मला फोनवर झापतो.

डॉक्टर म्हणाले, "एवढीशी गाठ दर वेळी कॅन्सरचीच असते असं नाही. तुमची ही एकच किडनी आहे, उगाच हात लावायला नको. आधी बारीक सुईने पेशी काढून तपासू, मग ठरवू." बोलणं सरळ होतं. म्हणजे आमच्या नातेवाइकांना पटण्यासारखं नव्हतंच.

पिंप्राळ्यातल्या माझ्या घरात मेडिकल कॉलेज भरलं. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जायचं ते उपचार ठरवूनच उठायचं. गाठीला लोखंड लागलं की ती चिडते आणि अंगभर पसरते, यावर सगळ्यांचं एकमत होतं. वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले माझे साडू म्हणाले, "पोटात काय भरलंय ते माहीत नसलं, की त्या वस्तूला टोचायचं नसतं." मग माझ्याकडे बघून त्यांनी खुर्ची जरा मागे घेतली.

भाऊ आला तो चपला काढतानाच बोलायला लागला. "गाठले सुई लावशी ते ती चवताळी जाई. त्यापेक्षा बठ्ठी किडनीच काढी टाक."

माझं डोकं फिरलं. "काढी टाकू? मंग मनाकडे काय राही? दुसरी ते तुना पोटमा शे ना, भाऊ!"

एवढ्या विद्वानांत ही गोष्ट कोणाच्याच लक्षात राहिली नव्हती. भाऊ चहा न घेता उठला आणि गावी निघून गेला. मला वाईट वाटलं, पण रागही गेला नव्हता. आणि खरं सांगायचं तर मला सुईची नाही, रिपोर्टची भीती वाटत होती.

सुईच्या दिवशी उपाशीपोटी बोलावलं होतं. मला पालथं झोपवलं, पाठ बधिर केली, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुई आत घातली. "श्वास रोखा, बोलू नका," डॉक्टर म्हणाले. आमच्या घराण्यात कोणी गप्प बसल्याचा तो पहिलाच प्रसंग असावा. रिपोर्ट पुढे चांगला आला. गाठ साधी निघाली, अधूनमधून सोनोग्राफी केली की झालं. सुईचा सल्ला आपलाच होता, असं साडू आता पार नशिराबादपर्यंत सांगत फिरतात.

पण त्या दिवशी रिपोर्ट अजून यायचा होता. मला बाहेर आणलं तर समोर बाकावर भाऊ. स्वच्छ धुतलेले कपडे, मांडीवर पिशवी. माझ्या बायकोने दिलेला चहा त्याच्या शेजारी गार झाला होता.

"चहा पी ना, भाऊ," मी म्हणालो.

"नही. मीबी रातपाईन उपाशी शे."

"तू कशाले?"

त्याने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "उपाशीपोटीच कापतस ना? तुनी खराब निंघनी, ते आजच मनी काढीसन तुले लाई देतीन. तुनीच शे ती."