अर्डेलाचं हसू

अमेरिकेतल्या डेटन शहराच्या पश्चिम भागात कुणाच्याही अंगणात शेगडीवर डुकराच्या बरगड्या भाजायला चढल्या की ते गाणं लागणारच. देशात पहिल्या नंबरावर होतं तेव्हा ज्यांच्या आया जन्मल्याही नव्हत्या, ती पोरंही त्यावर रांगेत नाचतात. मध्येच ड्रम थांबतात, गिटार थांबते आणि एक पोरगी खळाळून हसते. त्या जागी अख्खं अंगण नाच थांबवून तस्संच हसतं. गप्प राहायची ती एकटी अर्डेला.

कारण ते हसू तिचंच होतं.

तरुणपणी ती मैत्रिणीबरोबर स्टुडिओत त्या गाण्याचे मागचे सूर धरायला गेली होती. ड्रमवाल्याच्या बुडाखालचं स्टूल मोडलं, गडी आडवा झाला आणि ही हसली. टेप चालूच होती, हसू गाण्यात राहून गेलं. एवढंच झालं होतं. पण लोकांनी त्या हसण्यामागे काय काय रचलं! स्वतःच्या डोक्यातली घाण पोरीच्या गळ्यात घालायला कुणाचं काय जातं? शेजारच्या खिडकीतून गाणं आलं तेव्हा चर्चच्या पहिल्या बाकावर बसणारी तिची आई म्हणाली, "कुणाची गं ही निर्लज्ज? हिच्या आईला तोंड दाखवायला जागा नसेल."

अर्डेला भेंडी चिरत राहिली.

त्यानंतर ती मोठ्याने हसली नाही. चर्चच्या दारात पांढरे हातमोजे घालून ती लोकांना जागा दाखवायची. हसू आलंच तर हातमोजा तोंडावर. घरी तर जास्तच सांभाळायची, कारण नवरा, रूझवेल्ट, त्या गाण्याचा वेडा. त्याने एका हसण्यात ओळखलं असतं.

रूझवेल्ट बस चालवायचा. अख्खी बस हसवायचा. "माझ्या बायकोला हसवून दाखवा, माझी टोपी तुमची," म्हणायचा. टोपी कुणालाच मिळाली नाही.

त्याच्या पंचाहत्तरीला अंगण भरलं होतं. तो उठून म्हणाला, "डॉक्टर म्हणतो, गुडघा नवा बसवू. म्हटलं, बाबा, मग बाकीचा रूझवेल्ट त्याच्याशी जमवून घेईल का?" लोक हसले. तो ऐटीत खाली बसला, घडीची खुर्ची मिटली आणि तो हिरवळीवर उताणा. छातीवर बटाट्याचं सॅलड.

"कुणी हलू नका," तो पडल्या पडल्या म्हणाला, "बटाटे अजून जिवंत आहेत."

मागे तेच गाणं लागलं होतं आणि नेमकं त्या जागी येऊन थांबलं होतं. अर्डेला हसली. हातमोजा नव्हता, हात उचलायलाही उशीर झाला. पाठोपाठ स्पीकरमधली पोरगी हसली. दोन्ही हसणी एकच.

"काकू!" पुतण्या टेरेल ओरडला. "ती तू?"

"अगं बये, इतकी वर्षं आमच्या शेजारी बसून चटण्या वाढत होतीस!" शेजारीण नाचायलाच लागली. कुणी नाक मुरडलं नाही. जिला ती घाबरत आली होती, ती आई कधीच जमिनीखाली गेली होती.

रूझवेल्ट मात्र पडूनच होता.

"म्हणजे तुला हसता येत होतं," तो हळूच म्हणाला.

ती त्याच्याजवळ बसली. "लाज वाटायची रे."

"गाण्याची?"

"हो."

"मला वाटायचं, माझेच विनोद फिके आहेत. घरी येताना बसमध्ये जोक घोकायचो, माहितेय?"

तिने त्याच्या शर्टावरचं सॅलड बोटांनी गोळा केलं. मान वर होईना. "तो गुडघ्याचा पुन्हा सांग."

"नको," तो म्हणाला. "आज नको."

टेरेलने गाणं पहिल्यापासून लावलं. ती जागा जवळ येऊ लागली तसं सगळं अंगण तिच्याकडे बघत राहिलं. तिने फक्त रूझवेल्टकडे पाहिलं. तो शर्टाची बटणं बघत होता.

स्पीकरमधली पोरगी एकटीच हसली.