घड्याळाची मागची बाजू

इंग्रजी सिनेमातला तो गुप्तहेर मी पहिल्यांदा पाहिला तो हिंदीत बोलताना. साल १९९९. राइस मिलचा कोंडा उचलून तेलवाल्यांना विकायचा माझा धंदा नुकता उभा राहत होता आणि गोंदियात सीडी भाड्याने मिळू लागल्या होत्या. लोक त्याच्या गाड्या बघायचे, बाया बघायचे. मी मनगट बघायचो. आमच्या घरात कधी घड्याळ नव्हतं, मिलच्या भोंग्यावर आम्ही उठायचो. त्यामुळेही असेल.

प्रत्येक सिनेमात त्याचं घड्याळ वेगळं. कुठल्या सिनेमात कुठलं ते शोधायचं आणि तसंच जुनं मिळवायचं, हा नाद लागला. सीडी थांबवून टीव्हीला नाक लावून बसायचो. दुरुस्तीवाल्यांच्या डब्यांतून, रेल्वेतून रिटायर झालेल्यांच्या पेट्यांतून घड्याळं काढली. भाव पाडण्यात मला कोणी हरवलं नाही. चपला झिजवून शिकलेली गोष्ट आहे ती.

नागपूरला घड्याळं जमवणाऱ्यांचं मंडळ होतं. या गुप्तहेराच्या घड्याळांवर ते पुस्तिका काढणार होते. तिथे मी उभा राहून सांगितलं, की पहिल्या सिनेमातलं घड्याळ दुकानातलं नाही, फौजेचं आहे. तोंड धुताना तो ते उपडं ठेवतो, तेव्हा मागच्या झाकणावर इंग्रज फौजेच्या मालावर असते ती बाणाची खूण आणि खाली आकडे दिसतात. सीडीवर धूसर दिसतात, पण दिसतात.

मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. म्हणाले, "कोंडावाले, टीव्हीवर कोंडा बसला असेल. पुसून बघा."

सगळे हसले. मी खुर्चीला लाथ मारून निघालो. मागून डॉक्टरांचा आवाज आला, "तसं घड्याळ आणून दाखवा. तुमचा शोध तुमच्या नावानं छापतो."

त्या एका वाक्यामागे माझी किती वर्षं गेली!

ते घड्याळ सापडलं केशोरीला. कोंड्याची गाडी भरायला गेलो होतो. मिलच्या हमालानं सांगितलं, की इथे एका मेलेल्या फौजीची बायको आहे, तिच्याकडे नवऱ्याचं लढाईतलं घड्याळ आहे. म्हातारीनं ते तांदळाच्या कोठीतून काढून दिलं. मी उलटं केलं. बाण. खाली आकडे.

जे हवं असतं त्याच्याकडे बघायचं नसतं, नाहीतर भाव चढतो. खिशातल्या मोबाइलला कॅमेरा होता, पण मी हात लावला नाही. घड्याळ खाटेवर टाकलं आणि म्हणालो, "आजी, मागून खराब आहे. कोणीतरी खिळ्यानं ओरबाडलं. कोण घेणार हे?"

"मंग तू कायले घेऊन राह्यलास?"

"तुमचा मान म्हणून."

"माझा मान एवढा सस्ता आहे का रे बाबू?"

पुढच्या फेऱ्यांनाही मी तेच म्हणत राहिलो, मागून खराब आहे, मागून खराब आहे. एक दिवस ती वैतागली. "पैसे नोको देऊ. बुढ्याची घडी मी इकत नाही. पण तू इतका येऊन राह्यलास, त भेट देतो तुले. दिवाळीले पोरगी येईन, तिच्यासमोर देतो."

फुकट! परतताना मी गाडीत एकटाच हसत होतो. मंडळाची पुस्तिका अजून रखडलेलीच होती. डॉक्टरांना फोन केला, "घड्याळ घेऊन येतो. पुस्तिका थांबवा." ते म्हणाले, "थांबतो. या."

दिवाळीनंतर गेलो तर अंगणात खुर्ची मांडलेली. पोरगी नवी साडी नेसून, शेजारच्या बाया ओट्यावर. मला कुंकू लावलं, चिवडा दिला आणि नव्या रुमालात गुंडाळलेलं घड्याळ हातात ठेवलं.

मी उलटं केलं.

झाकण आरशासारखं गुळगुळीत होतं. त्यावर भांड्यांच्या दुकानातल्या मशीनची ठिपक्याठिपक्यांची अक्षरं. फौजीचं नाव, 'यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट', आणि खाली माझं नाव. आमच्याकडे लग्नातल्या पाण्याच्या गुंडापासून पेल्यापर्यंत दिलेल्या प्रत्येक भांड्यावर नाव टाकतात. नाव टाकलं नाही तर दिलं असं कोणी धरत नाही.

पोरगी कौतुकानं सांगत होती, "बाजारात भांडेवाल्याकडे नेली. तो म्हणे, आधीचं काही कोरलं आहे, त्यावर नाव उठणार नाही. मग चाकावर घासून घेतली. तुम्हाला मागून खराब वाटते, असं माय म्हणे."

माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पोरगी रडत आत गेली. म्हातारी माझ्याकडे बघत राहिली.

"काऊन रे बाबू? नाव चुकलं का?"

नाव बरोबर होतं. अक्षरही चांगलं होतं.

तरी मी ते नागपूरला नेलं. डॉक्टरांनी भिंग लावून झाकण पाहिलं आणि वरचा मजकूर सगळ्यांना वाचून दाखवला. हसू दाबत कोणीतरी टाळी वाजवली. पुस्तिका निघाली. तिच्यात लिहिलं आहे, की पहिल्या सिनेमातलं घड्याळ बाजारात मिळणारं साधं घड्याळ होतं.

माझं काय चुकलं, ते मला आजही कोणी सांगावं. भाव करताना मालाची तारीफ कोण करतं? भांडेवाल्यानं विचारायला नको होतं? डॉक्टरांनी एका माणसाच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला असता तर त्यांच्या पुस्तिकेचं काय गेलं असतं? विचारायला आता कोणाकडे जायचं? म्हातारी गेली. तिच्या दिवसांना जायचं म्हणून निघालो होतो, मोरगावपासून परत फिरलो.

नंतर सीडी लावली नाही. बाकीची घड्याळं एकेक करून देऊन टाकली, जो जे म्हणेल त्याला, भाव न करता. हे एक उरलं आहे. चावी दिली की चालतं. कोणी बघायला मागतं, मीही देतो. तो काच बघतो, काटे बघतो, कानाला लावतो. मग उलटं करतो, वाचतो आणि परत ठेवतो.

"शेठ, चीज बढिया है," म्हणतो, "पण मागून खराब आहे."