नदीपलीकडची आमदार

माझी थोरली बहीण आमदार होती, असं अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावात कुणा मराठी माणसाला सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे पांढरी जीप, मागेपुढे कार्यकर्ते आणि चौकाचौकात वाढदिवसाचे फलक उभे राहायचे. प्रत्यक्षात ताईकडे रस्त्यावरच्या मिठाने पांढरी पडलेली एक जुनी गाडी होती आणि डिकीत बर्फाचं फावडं. ती कॅनडात, ऑन्टॅरिओ प्रांताच्या विधानसभेत निवडून गेली होती. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या काकूंना हे समजावताना माझ्या नाकी नऊ यायचे. "म्हणजे ओटावाला असते का?" नाही काकू, ती देशाची राजधानी; ही प्रांताच्या राजधानीत, टोरोंटोला. "मग ती व्हिसाची कामं करते?" नाही, ते तिच्या हातात नसतं. एवढं ऐकलं की काकूंचा रस संपायचा आणि त्या साबुदाणा वड्यांकडे वळायच्या.

आम्ही मिशिगनमध्ये आणि ती डेट्रॉइट नदीच्या पलीकडे. पुलावर रांग नसेल तर सव्वा तासाचा रस्ता. दोन हजार एकच्या हल्ल्यानंतर रांग नाही असं क्वचितच व्हायचं. आई-बाबा गेल्यावर ताईचं घर हेच माझं माहेर झालं होतं आणि त्या माहेरी जायला मला पासपोर्ट, व्हिसाचे कागद आणि गणवेशातल्या माणसाचा मूड एवढं सगळं लागायचं. मी तेव्हा नवऱ्याच्या व्हिसावर होते. नोकरी करायची परवानगी नाही, मत इथेही नाही आणि तिथेही नाही. पुण्यात इंजिनिअर म्हणून टेबल ठोकून बोलणारी मी, इथे मुलीला शाळेत सोडायचे आणि कूपनं कापायचे. चिडचिड व्हायची, आणि ती बहुतेक वेळा नवऱ्यावर निघायची.

ताईची गोष्ट वेगळी. तिने हॉस्पिटलच्या लॅबमध्ये वीसेक वर्षं रक्त तपासलं. मुलं मोठी झाल्यावर स्कूल बोर्डावर निवडून आली. मग एका पक्षाने तिला विधानसभेला उभं राहायला सांगितलं, कारण ती जागा पडणार याची त्यांना खात्री होती आणि पडायला कुणीतरी हवं होतं. ती दारोदार फिरली. पक्षाच्या पोरांनी बजावलं होतं, एका दारात दोन मिनिटं, आत जायचं नाही. पण "कम इन" म्हटल्यावर दारातूनच परत फिरणं आमच्या घरात कुणाला जमलेलं नाही. ती आत जायची, आणि आत जायचं म्हणजे आधी बूट काढायची. मग लेस सोडा, गप्पा मारा, लेस बांधा. पोरं रस्त्यावर थंडीत कुडकुडत थांबायची. मी एका शनिवारी तिच्याबरोबर होते. दुपारपर्यंत आमची एक गल्लीसुद्धा संपली नाही. ती निवडून आली तेव्हा एका म्हाताऱ्या गृहस्थाने तिला सांगितलं की माझ्या घरात मोजे घालून बसलेली एकमेव राजकारणी तू.

ती मंत्री वगैरे कधी झाली नाही. शेवटच्या रांगेत बसायची. पण तिला त्या कामाचा जो नाद लागला तसा मी कुणाला कशाचा लागलेला पाहिला नाही. महिन्यातून एखाद्या रविवारी आमच्याकडे जेवायला आली की ताट समोर ठेवून सांगत बसायची. कुणाच्या घरासमोर गटार तुंबलंय, कुणाचं हेल्थ कार्ड चार महिने अडकलंय, एका वळणावर स्कूलबस थांबत नाही. "अगं, थांबायला लागली." हे सांगताना तिचा चेहरा असा व्हायचा की मला हेवा वाटायचा. खरंच वाटायचा. आमटी गार व्हायची.

आता माझ्या नवऱ्याबद्दल. तो गाड्यांचे डॅशबोर्ड बनवणाऱ्या एका कंपनीत होता. ऑफिस नोव्हायला आणि कंपनीचा एक कारखाना नेमका ताईच्या मतदारसंघात. तिथल्या निम्म्या घरांत त्या कारखान्याचा पगार यायचा. त्यामुळे ती निवडून आली त्याच महिन्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर तिने नियम केला. "जावईबापू, कारखाना तुमचा, माणसं माझी. इथे तो विषय काढायचा नाही. तुम्ही सांगायचं नाही, मी विचारायचं नाही." नवरा हसून म्हणाला, "डन." चार वर्षं दोघांनी तो नियम पाळला. उरलेला सगळा वेळ ते क्रिकेटवर भांडायचे.

ताई त्याला जावईबापू म्हणायची ते निव्वळ चेष्टेने नव्हे. आई गेल्यावर तिने आईची सगळी कामं अंगावर घेतली होती, त्यात धोंड्याच्या महिन्याचं वाणही आलं. दर तीन वर्षांनी अधिक मास आला की जावयाला पाटावर बसवायचं, ओवाळायचं आणि ताम्हणात तेहतीस अनारसे आणि वर दिवा ठेवून हातात द्यायचं. जावई म्हणजे नारायण. माझ्या नारायणाला अनारसे इतके आवडायचे की आमदार झाल्यानंतरच्या पहिल्या अधिक मासात त्याने टोरोंटोहून गाडी चालवत आलेल्या ताईला नीट बसूसुद्धा दिलं नव्हतं.

दुसरा अधिक मास दोन हजार सातच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी आला. त्याच वर्षी पुढे ताईची दुसरी निवडणूक होती. गाड्यांचा धंदा बसत चालला होता, कारखाना बंद पडणार अशी कुजबुज होती, आणि ताईने फाटकासमोर उभं राहून कामगारांना शब्द दिला होता की मी आहे तोवर हा कारखाना इथून हलणार नाही. वर्तमानपत्रात फोटो आला होता. तिचा विरोधक म्हणे नुसता हात चोळत बसला. या एका शब्दावर ती निवडून येणार, असं सगळे म्हणत होते.

माझा नवरा मात्र दोन महिने धड जेवत नव्हता. मी ब्लड प्रेशर तपासून घेतलं, मीठ कमी केलं, आणि फरक पडत नाही म्हणून त्याच्यावर चिडले.

त्या रविवारी ताई अनारशांचा डबा घेऊन आली. पुलावरच्या अधिकाऱ्याने डबा उघडायला लावला होता आणि हे सगळं एकटा खाणारा माणूस कोण, असं विचारलं होतं. आम्ही खूप हसलो. मी दिवाणखान्यात पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. ताईने माझ्या नवऱ्याला कुंकू लावलं, ओवाळलं आणि ताम्हण पुढे केलं.

त्याने हात पुढे केलेच नाहीत.

"काय हो, डाएट?" ताई म्हणाली.

"ताई, या वेळी नको."

"अहो, असं नको म्हणतात का? धरा."

"मला तुमच्या हातून नाही घेववणार."

मला वाटलं, झालं, याचं काहीतरी बिनसलं. मी म्हणाले, "काय नाटक आहे हे? ती पहाटे उठून तळत बसली होती." त्याने मान खाली घातली. ताई ताम्हण धरून उभी होती. दिव्याची वात हलत होती. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा हळूहळू बदलला. लॅबमध्ये वाईट रिपोर्ट हातात आल्यावर, डॉक्टरला कळवायच्या आधी, तिचा असाच होत असणार.

"एक शब्दही बोलू नका," ती त्याला म्हणाली. "ऐकलंत? एकही नाही. आपला नियम आहे."

मग ती ताम्हण टेबलावर ठेवून घरामागच्या लाकडी डेकवर जाऊन बसली. मी मागोमाग गेले तर म्हणाली, "मला जरा बसू दे गं." बऱ्याच वेळाने आत आली, दिवा पुन्हा लावला आणि ताम्हण त्याच्यापुढे धरलं. "हे जावयाचं आहे, कारखान्याचं नाही. घ्या." त्याने घेतलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून मी पुसले.

तिची गाडी गेल्यावर त्याने मला सांगितलं. कारखाना बंद करायचं ठरलं होतं. तिथली मशिनं दक्षिणेकडे हलवायची आखणी तीन इंजिनिअर करत होते आणि त्यातला एक तो होता. निवडणूक होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही असा वरून हुकूम होता. मी म्हणाले, "मला तरी सांगायचंस." तो म्हणाला, "तू तिला सांगितलं असतंस." ते खरं होतं.

इथून पुढे ताईपुढे दोनच वाटा होत्या. लोकांना खरं सांगायचं, म्हणजे तासाभरात सगळ्यांना कळणार की बातमी कुणाच्या मेव्हणीने फोडली. नवऱ्याची नोकरी जाणार, तिच्याबरोबर व्हिसा आणि पाच वर्षं रखडलेला ग्रीन कार्डचा अर्ज, आणि आम्ही सामान बांधणार. नाहीतर तोच शब्द पुन्हा पुन्हा देत राहायचं आणि निवडून यायचं. ताईने यातलं काहीच केलं नाही. तिने तो शब्द देणं बंद केलं. भर सभेत कुणी विचारलं, कारखाना राहील ना, तर म्हणायची, मी आता तसं सांगू शकत नाही. आणि टोरोंटोला खेटे घालून तिने त्या गावासाठी एक ट्रेनिंग सेंटर मंजूर करून आणलं, माणसांना दुसरी कामं शिकवायला.

विरोधकाला आयतं कोलीत मिळालं. ही बाई तुम्हाला आधीच सोडून मोकळी झाली, असं तो सांगत फिरला. लोक म्हणाले, कारखाना राहणार आहे तर ट्रेनिंग कशाला? ती ज्यांच्या घरी मोजे घालून बसली होती त्यांनी दारं उघडली नाहीत. आमच्या मंडळाच्या गणपतीला आली तेव्हा चेहरा उतरलेला होता. मी तिला बाजूला घेऊन म्हणाले, "नुसतं म्हणून टाक ना, राहील म्हणून. सगळेच म्हणतात."

"खोटं आहे हे मला माहीत नसतं तर मीपण म्हटलं असतं," ती म्हणाली आणि आरतीला टाळ्या वाजवायला उभी राहिली.

ती पडली. जेमतेम नाही, चांगली सपाटून पडली.

त्या हिवाळ्यात कारखाना बंद करत असल्याची घोषणा झाली. वार्ताहराने तिला विचारलं, तुम्हाला आधीपासून माहीत होतं का? तिने उत्तर दिलं नाही. मग गावात ठरूनच गेलं की ती कंपनीच्या खिशात होती. याचा मला इतका संताप आला की मी पत्र लिहायला बसले. नवरा म्हणाला, "लिही, आणि खाली आपला पत्ता टाक." मी ते फाडलं. ताई मात्र त्याच ट्रेनिंग सेंटरमध्ये जाऊन बसायला लागली, फुकट, लोकांचे बायोडेटा लिहून द्यायला. काही जण तिच्या टेबलाशी यायचे नाहीत. ते शेजारच्या टेबलाची रांग लांबली तरी तिथेच थांबायचे. हे तिनेच मला सांगितलं, आणि लगेच मुलीच्या शाळेची चौकशी केली.

पुढच्या वर्षी, दोन हजार आठच्या शेवटी, नवऱ्याच्या कंपनीने नोव्हायचं अर्धं ऑफिस रिकामं केलं. तो खोक्यात कॉफीचा मग आणि मुलीचा फोटो घेऊन घरी आला. त्याने पहिला फोन ताईला केला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. कोट काढला, लॅपटॉप उघडला आणि त्याला समोर बसवलं. "जावईबापू, डॅशबोर्ड सोडून तुम्हाला काय काय येतं ते सांगा. लाजू नका, सगळ्यांना हेच विचारते." तो एकेक सांगत गेला, ती टाइप करत गेली. मी ओट्याशी कुकर लावत होते आणि माझ्या डोक्यात वर्षभर साठलेलं उकळत होतं. शेवटी मला राहवलं नाही.

"ताई, याच्या एका वर्षाच्या नोकरीसाठी गेली तुझी आमदारकी," मी म्हणाले. "मला हे चालेल का, असं कुणी विचारलंसुद्धा नाही. तू तेव्हा खरं सांगून टाकलं असतंस तर आमचं जे आज झालं तेच झालं असतं, आणि निदान तू तरी तिथे असतीस."

मला वाटलं, आता ती मोठ्या बहिणीच्या आवाजात काहीतरी समजुतीचं बोलेल, घराहून का आमदारकी मोठी, असं. मी त्याला उत्तरही तयार ठेवलं होतं.

"हो, असते," ती म्हणाली. तिची बोटं थांबली होती. "मला ते काम फार आवडायचं गं."