काट्यावरचं वजन ऑफिसात उशिरा का पोचत होतं?

मंडळी, आज केदारखेड्याकडं एका जिनिंग मिलमध्ये गेल्तो. कापसाच्या गाड्या तोलायचा तिथला काटा जुना, सिरियल केबलवाला. त्याला कन्व्हर्टरची डबी जोडून वजन नेटवर्कनं थेट ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आणायचं होतं.

जोडलं. पण वजन कधी लगेच यायचं, कधी पाच मिनिटांनी. केबल बदलली, सेटिंग दोनदा तपासलं, सगळं बराबर. डोकंच चालेना.

शेवटी काट्याच्या खोलीत जाऊन बसलो. काटा सांभाळणारे नामदेवकाका आकडा स्थिर झाला तरी ‘प्रिंट’चं बटण दाबत नव्हते. गाडीतला शेतकरी उतरून खिडकीशी आला, आकडा पाहिला, मान हलवली. मंग काकांनी बटण दाबलं अन् वजन ऑफिसात!

“काका, जल्दी का न्हाई दाबत?”

“कापूस त्याचा हाय. आधी त्यानं पाह्यलं पायजे, मंग हापिसानं.”

जिनिंगच्या मालकांना हे बटणच नकोय. वजन आपोआप गेलं पाहिजे, म्हणतात. एक सेटिंग बदललं की झालं, दोन मिनिटांचं काम.

ते दोन मिनिटांचं काम न करताच मी घरी आलोय. सकाळी मालकांचा फोन येईल. तुम्ही माझ्या जागी असता तर काय सांगितलं असतं?