टाचणीताईंनी पाहिलेला पक्षी

गल्लीच्या तोंडाशी कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे मशीनवर बसणाऱ्या बाईंना सगळे टाचणीताई म्हणतात, कारण त्यांच्या ओठांत कायम टाचण्या धरलेल्या असतात आणि तरीही गिऱ्हाइकाला जे सुनावायचं ते त्या बरोबर सुनावतात. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, पोट सुटलेल्यांच्या शर्टांना बाजूने जागा काढून देणं हे त्यांचं काम. "माप चुकलेलं नाही, तुम्ही वाढलात," असं त्या टाचणी न हलवता सांगतात.

त्यांचे यजमान म्हणजे मीटरकाका. घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचायचे आणि दोन घरांच्या मधल्या वेळात झाडांकडे बघत चालायचं, अशी त्यांची नोकरी. त्यातला दुसरा भाग त्यांनी स्वतःच लावून घेतलेला. वर बघत चालण्यापायी ते उघड्या गटारात पडले होते आणि एकदा झोपलेल्या कुत्र्याच्या शेपटीवर पाय देऊन पोटरी फोडून घेऊन आले होते. पानगळ सुरू झाली की दर रविवारी उजाडायच्या आत गळ्यात दुर्बीण अडकवून, आपल्याच वळणाच्या चार माणसांना घेऊन ते तळ्याकडे निघायचे. त्या दिवसांत थंड मुलखातले पक्षी येतात म्हणे. ताईंना आठवड्यात तो एकच दिवस उशिरा उठायला मिळायचा, आणि त्या दिवशीही डबा करून द्यावा लागायचा.

"पाहुणे तुमचे आणि राबायचं मी," त्या म्हणायच्या. काकांनी सुरुवातीला बरोबर येण्याचा आग्रह केला, मग सोडून दिला. संसारात असे आग्रह सुटतात आणि सुटले हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

यंदा ऐन उन्हाळ्यात, कुणाच्या तरी जिन्यात मीटर वाचता वाचता काका खाली बसले ते उठलेच नाहीत. अर्धांगाचा झटका. जीव वाचला, वाचाही बरीचशी परत आली, पण उजवी बाजू रुसून बसली. मागच्या खोलीत त्यांची खाट लागली. खाटेवरून खिडकीतून आभाळाचा तुकडा आणि सांडपाण्याचा पाइप दिसायचा, बस. पाण्याच्या टाकीजवळचं झाड बघायचं तर खिडकीशी उभं राहावं लागायचं, आणि उभं राहणं आता एकट्या ताईंनाच जमत होतं.

ताईंचा दिवस कसा जायचा हे सांगण्यातही दमायला होतं. पहाटे उठून काकांचं सगळं आवरायचं, कूस वळवायची, पाठीला पावडर लावायची, चादर बदलायची, घास भरवायचे. मग खालच्या मजल्यावर राहणारी नणंद वर आली की दुकानात पळायचं. संध्याकाळी परत तेच, उलट्या क्रमाने. दुसऱ्या शहरातली लेक फोनवर म्हणायची, "आई, स्वतःची काळजी घे हं." तेव्हा ताई फोन खांद्याने कानाशी दाबून चादर पिळत असायच्या आणि "घेते ना" म्हणायच्या. रात्री पाठ टेकली की लगेच सकाळ व्हायची. मध्ये झोप लागली होती की नाही, ते कळायचंच नाही.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी रबराचा एक चेंडू दिला होता. उजव्या हाताने तो रोज दाबायचा. "आत्ता हलवाल तर हा हात हलेल," बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. "हिवाळा असाच गेला तर मग मला बोलावू नका." काका नुसतं "बघू" म्हणायचे आणि चेंडू घरंगळत खाटेखाली जायचा. ताई वाकून तो काढायच्या, पुसायच्या, हातात ठेवायच्या. तो पुन्हा जायचा. काकांनी मनातून हात सोडून दिला होता, आणि ताईंना धास्ती बसली होती ती त्याचीच.

मग हवेत गारवा आला, टाकीजवळचं झाड पिवळं पडायला लागलं आणि काका एका सकाळी स्वतःहून बोलले.

"अगं, बघ ना. आला का?"

"कोण?"

"लाल कंठाचा माशीमार. दर वर्षी त्याच झाडावर येतो. तो आला की चेंडू दाबतो बघ."

ताईंनी हातातली बादली ठेवून बाहेर बघितलं. झाडावर चिमणीएवढं काहीतरी मळकट हललं, पण लाल काही नव्हतं. "नाही आला," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. रोज "आला का?" आणि रोज "नाही". चेंडू तिथेच पडलेला. दुकानात गणवेशांचा ढीग साचलेला, मालक घड्याळाकडे बघणारा, आणि इथे ही बाई एका पक्ष्यासाठी खिडकीत उभी. त्या पाखराला शोधून काढून हाताला धरून आणावं, इतका त्यांना त्याचा राग यायला लागला.

एका संध्याकाळी त्यांनी स्टूल ओढलं आणि फडताळावरून काकांचं पक्ष्यांचं जाडजूड पुस्तक खाली काढलं. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पानं उलटली. माशीमार सापडला. गळ्यावर नारिंगीकडे झुकणारा झकास लाल रंग, त्याला राखाडी कड. कापडाचा रंग एकदा बघितला की ताईंच्या डोळ्यांतून जात नाही.

सकाळी काकांनी विचारलं, "आला का?"

"आला," ताई म्हणाल्या.

"कसा दिसतो?"

"गळा लालभडक. नारिंगी झाक आहे थोडी. आणि बाजूने राखाडी कड."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. इतका वेळ, की ताईंना वाटलं, आता पकडलं आपल्याला. मग ते म्हणाले, "वा. आण तो चेंडू."

त्या दिवशी चेंडू जेमतेम दबला. बोटं नुसती थरथरली म्हणा ना. पण ताई दुकानात गेल्या आणि कितीतरी दिवसांनी त्यांनी एका गिऱ्हाइकाची फिरकी घेतली.

पुढे रोज सकाळी ताई खिडकीत उभ्या राहून थापा मारायला लागल्या. आज तो वरच्या फांदीवर आहे. आज माशी पकडली. आज गळा उन्हात कसा चमकतोय. काका विचारत राहायचे आणि विचारता विचारता चेंडू दाबायचे. ताईंना स्वतःची लाज वाटायची. आजारी नवऱ्याला फसवतोय हे त्यांना कळत होतं, पण बोटं वळायला लागली होती हेही दिसत होतं. शिवाय खरं सांगायचं, तर खरं-खोटं निवडत बसायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती.

एका रविवारी काकांचे तळ्यावरचे जुने सोबती आले. पेशाने न्हावी, गल्लीत त्यांना दुर्बीणभाऊ म्हणतात. खाटेशेजारच्या खुर्चीत बसून त्यांनी यंदा कोण कोण आलं ते सांगितलं, म्हणजे पक्ष्यांपैकी.

"आमच्याकडेही आलाय," काका म्हणाले. "माशीमार. ही रोज बघते."

"अरे वा, वहिनी! आता तुम्हीही लागलात का नादाला?"

"लागले म्हणजे काय, दिसतोच ना तो," ताई म्हणाल्या. "गळा एवढा लाल आहे, लांबूनही चुकणार नाही."

"लाल?" दुर्बीणभाऊ पुढे सरकले. "अहो वहिनी, या दिवसांत कुठला—"

"चहा घे रे," काका मध्येच म्हणाले. "गार होतोय."

चहा अजून केलेलाच नव्हता. दुर्बीणभाऊंनी काकांकडे बघितलं, मग ताईंकडे, आणि ते खुर्चीत मागे सरकले. ताई स्वयंपाकघरात गेल्या. आधण ठेवलं, पण साखर किती घातली त्यांना आठवेना.

जाताना ताईंनी त्यांना जिन्यात गाठलं. "भाऊजी, काय सांगत होता? नीट सांगा."

दुर्बीणभाऊ पायरीवर घुटमळले. "तो लाल रंग उन्हाळ्यातला, वहिनी. पानगळीत ते येतात तेव्हा गळा पांढुरका असतो. परत जायच्या आधी रंग चढतो. नवीन माणूस हमखास इथेच फसतो. पुस्तकातलं चित्र धरून लाल गळा शोधत बसतो आणि समोरचा पक्षी सोडून देतो."

"यांना माहीत असेल हे?"

"मला त्यानेच शिकवलंय."

ताई जिन्यातच कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. त्यांना आधी रागच आला. इतके दिवस आपण खिडकीत नाटक करत होतो आणि हा माणूस पडल्या पडल्या बघत होता. मग राग करायचंही त्राण राहिलं नाही. त्या वर गेल्या, भांडी घासली, काकांची कूस वळवली.

सकाळी काकांनी विचारलं नाही. ताई आपणहून खिडकीत गेल्या. झाड निम्मं उघडं झालं होतं. खालच्या फांदीवर ते मळकट काहीतरी बसलं होतं, पहिल्या दिवसापासून त्यांनी रोज बघितलेलं आणि रोज सोडून दिलेलं.

"लाल नाही," ताई पाठमोऱ्याच म्हणाल्या. "धुवून धुवून विटलेल्या खाकी कापडाचा रंग आहे. गळा पांढुरका. सारखी शेपटी वर उडवतोय. शेपटीच्या मुळाशी दोन्हीकडे पांढरं आहे."

काकांनी उशीवरची मान खिडकीकडे वळवली.

"हाच ना तो?"

"हाच."

"आणि तुम्ही मला लालभडक गळा सांगू दिलात," ताई वळल्या. "पहिल्या दिवशीच कळलं होतं ना? मग चेंडू का मागितलात?"

काकांना अजून मोठं वाक्य बोलायला वेळ लागायचा. ते सावकाश, शब्द गोळा करत बोलले.

"आदल्या दिवशी स्टुलाचा आवाज ऐकला होता. पुस्तक काढलंस. तीस वर्षांत पहिल्यांदा." ते थांबले, श्वास घेतला. "म्हटलं, एवढी दमलेली बाई माझ्यासाठी पुस्तक उघडते. मग मी निदान चेंडू तरी दाबायला नको?"

ताई खाटेच्या कडेला बसल्या. दुकानाची वेळ होऊन गेली होती, नणंद जिना चढत असल्याचा आवाज येत होता. काकांचा उजवा हात चादरीवरून सरकत त्यांच्या हातापर्यंत आला. पकड कसली, नुसता स्पर्शच म्हणायचा. तरी बोटं वळली.

"बघ ना," काका म्हणाले. "आहे का अजून?"

ताई उठल्या नाहीत. "आहे," त्या म्हणाल्या.