मरियेचं माहेर

२५ डिसेंबर २०२५, गुरुवार. सकाळी धुकं. पाण्याची मोटर बंद पडली, थोड्या वेळाने आपोआप सुरू झाली. सुंदरा पहिल्या एसटीने आली, येताना वालाच्या शेंगा आणल्या. नाताळचं वाचन झालं. यंदा लूकच्या जागी मत्तय वाचला, त्यावरून बोलणं लांबलं. दुपारी भातसानगरहून सुंदराची विहीण आणि जावई आले. बाळंतपणाचं ठरलं.

कुमुदताईंच्या डायरीत एवढंच मावलं. झालं ते याहून पुष्कळ होतं.

सुंदरा वैशाखऱ्याची. ती मुरबाडला कुमुदताईंकडे स्वयंपाकाला येऊ लागली तेव्हा त्यांचे यजमान हयात होते आणि सुंदराची भावना अंगणवाडीत जायची. एवढ्या वर्षांत दर नाताळच्या सकाळी कुमुदताई बायबलमधली, लूकने लिहिलेली ख्रिस्तजन्माची कथा मोठ्याने वाचत आल्या. त्या ख्रिस्ती नव्हत्या. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी लहानपणी लावलेली सवय होती, ती सुटली नाही. ऐकायला सुंदरा असे, पुढ्यात तांदूळ निवडायचं सूप घेऊन.

सुंदराचं एक होतं. कुठलीही गोष्ट ऐकली, की आधी त्यातल्या बायकांचं सासर-माहेर तिला लावून घ्यावं लागे. ते लागलं नाही तर टीव्हीवरची मालिकाही तिच्या पचनी पडत नसे. ख्रिस्तजन्माची कथा तिने अशी लावली होती: मरिया पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, आणि नवरा तिला घेऊन लांबच्या गावाला निघाला. अशा बाईला लांब कुठे नेतात? माहेरी. म्हणजे बेथलेहेम हे मरियेचं माहेर. जागा नाही म्हणून दार लावून घेतलं, ती तिची भावजय. मध्ये कुठेतरी नावं नोंदवायचं सरकारी काम येई, ते पुरुषांचं म्हणून सुंदरा सोडून देई. लावणीच्या दिवसांत बांधावर भाकरी खाताना तिने ही गोष्ट गावात सांगितली होती, आणि तिची जाऊ पारू हिने त्या भावजयीला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या.

यंदा ही कथा तिला कामाला यायची होती. भावनाला सातवा सरून आठवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरचं, हे तर सगळ्यांनाच ठाऊक. पण भावनाच्या अंगात रक्त कमी होतं आणि डॉक्टरांनी दवाखान्याजवळ राहायला सांगितलं होतं. भातसानगरहून शहापूरचा दवाखाना जवळ. वैशाखऱ्यात वेळेवर गाडी मिळेल याची खात्री नाही. जावई हितेश तिथल्याच, मुंबईला पाणी पुरवणाऱ्या धरणावर कामाला. त्याची आई धोंडीबाई हिने निरोप पाठवला होता, की सून इथेच राहील. सुंदरानेच त्यांना बोलणं करायला मुरबाडला बोलावलं. बाईंसमोर विहीण जरा सांभाळून बोलेल, आणि बाईंनी तेवढी कथा वाचून दाखवली, की देवाची आईसुद्धा माहेरीच निघाली होती म्हटल्यावर कोण काय बोलणार, असा तिचा बेत. दुपारी पाहुण्यांपुढे कथा वाचा, एवढं तिने बाईंना सांगून ठेवलं होतं.

कुमुदताईंनी सकाळी मत्तयाचं पान उघडलं ते सहज. दरवर्षी तेच तेच कशाला, म्हणून. तारा आला, पूर्वेकडचे ज्ञानी लोक सोनं घेऊन आले, घरात शिरले, बाळाच्या पाया पडले.

"घरात?" सुंदराचा हात सुपात थांबला. "गोठा कुठं गेला?"

"याच्यात गोठा नाही. गोठा लूकने लिहिलाय. हा मत्तय."

"मंग खरं कोनाचं?"

"ख्रिस्ताची गोष्ट चौघांनी लिहिलीय, ज्याने त्याने आपापल्या परीने. लूक म्हणतो, ती दोघं नासरेथची, बेथलेहेमला तेवढ्यापुरती आली. मत्तय वाचला तर वाटतं, त्यांचं घरच बेथलेहेमला होतं. नासरेथला ती मागाहून राहायला गेली."

"आनि बाकीचे?"

"मार्क जन्माचं काहीच सांगत नाही. एकदम मोठा झालेला माणूस आणतो. योहानात लोक भांडतात, हा इथला की तिथला म्हणून. तो निकाल देत नाही."

"शाना हाय योहान," सुंदरा म्हणाली. "पन दोघांचं बेथलेहेम तर जुळतं ना? तिचं माहेर."

कुमुदताईंनी चष्मा काढला. "माहेर? अगं, बेथलेहेम योसेफाच्या वाडवडिलांचं गाव. त्याची नोंद तिथे व्हायची होती म्हणून तो गेला."

"म्हंजे सासर?"

"तसंच म्हणायचं."

तांदूळ निवडून झाले होते तरी सुंदरा निवडत राहिली. इतकी वर्षं जिला शिव्या घातल्या ती भावजय नव्हतीच. आणि जी पोर माहेरी निघाली असं ती जावांना सांगत आली, ती माहेर सोडून निघाली होती.

"आता कळलं," ती म्हणाली. "तो लूक माहेरचा मानूस. सांगतो, आमच्या पोरीचे हाल झाले, गोठ्यात बाळंत झाली, कोनी विचारलं नाय. आनि मत्तय सासरचा. तो सांगतो, आमच्या घरात झाली, सोनंनानं घेऊन पावने आले. दोघंबी खोटं नाय बोलत, बाई. आपापल्या अंगनातनं बोलतात."

कुमुदताई हसल्या. पण सुंदरा हसत नव्हती.

"तिची आई कुठं होती?"

"मरियेची? तिचं नाव दोघांनीही घेतलेलं नाही."

"दोघांनीबी?"

"दोघांनीही."

सुंदरा उठली आणि शेंगा सोलायला घेतल्या. तिचं स्वतःचं पहिलं बाळंतपण टोकावड्याला, आईकडे झालं होतं. खाटेखाली शेगडी, अंगाला तेल, कढत पाण्याचं न्हाण. ताट आयतं हातात येई आणि उष्टं उचलायलाही आई उठू देत नसे. त्याआधी आणि त्यानंतर आयतं ताट तिला कुणी दिलं नाही. भावनाला वैशाखऱ्याला आणायचं ते एवढ्यासाठी. गावाने काय म्हटलं असतं ते नंतरचं.

दुपारी धोंडीबाई आणि हितेश आले. धोंडीबाई पायरीवरूनच बोलत आली. "बाई, तुमीच सांगा आमच्या विहिनीला. रीत आमाला नको हाय का? पन रीत काय रक्त देते? रातचं पोट दुखलं तर माळशेजच्या रस्त्यावर उभं राहून टेंपोला हात दाखवायचा?"

"मामी, डॉक्टरच बोल्ले," हितेश खाली बघत म्हणाला. सासूला तो मामी म्हणे. "मी नाय बोललो."

कुमुदताईंनी सुंदराकडे पाहिलं. पुस्तक टेबलावरच होतं. सुंदराने मान हलवली, वाचू नका म्हणून.

"होऊ द्या तुमच्या दारात," ती म्हणाली.

धोंडीबाई भांडायच्या तयारीने आली होती. पण सुंदराचं बोलणं संपलं नव्हतं.

"पन मी येनार. नववा लागला की येनार, नि नातवंडाचं बारसं होऊन गेल्यावरबी राहनार. न्हाऊ मी घालीन. शेक मी देईन. माझी पोर कुठंबी बाळंत होऊ दे, आई नव्हती असं कोनी सांगायला नको."

"राहनार? लेकीच्या सासरी?" धोंडीबाईने कपाळाला हात लावला. "आनि जेवशील काय? नातवंडाचं तोंड बघेपर्यंत आमच्या घरचं शीत तुला चालत नाय. लग्नानंतर आलीस तेव्हा साधा चहा नाय घेतलास. मी काय त्याच्यात इख कालवनार होते?"

"तांदूळ माझे आनीन. चूल वट्यावर लावीन."

"आनि पानी? पानी आमचंच हाय गो. अख्खी मुंबई पिते, तुला चालंल ना?"

"मुंबईला चालतं तर मला कसं नाय चालनार?"

धोंडीबाई हसली, तशी ती सैल पडली. "वट्यावर नको चूल लावू. गाव म्हनंल, विहिनीला बाहेर बसवलं. माझ्याच सैपाकघरात एका कोपऱ्यात शिजव तुझं. पन तेल मी चोळनार. माझाबी नातू हाय."

"सकाळचं मी, संध्याकाळचं तुमी."

"नि रडला तर?"

"तवा हितेशराव हाय ना."

हितेशने पहिल्यांदा मान वर केली. कुमुदताईंनी चहा टाकला. धोंडीबाईने बशीत ओतून घेतला आणि अंगणवाडीच्या बाईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या सून कशी लपवून ठेवते ते सांगायला लागली. सुंदरा म्हणाली, लहानपणीही औषध ती मांजराच्या वाटीत ओतायची. दोघींनी मिळून भावनाला नावं ठेवली, आणि त्यात त्यांचं छान जमलं.

पाहुणे गेल्यावर सुंदरा ओट्याशी रेंगाळली. "बाई, नववा लागला की पाडव्यापर्यंत मी काय येनार नाय. तुमच्या जेवनाचं?"

"माझं मी करीन."

"तुमाला भात तरी येतो का?"

"तू येण्याआधी या घरात माणसं उपाशी नव्हती, सुंदरा."

"उपाशी नव्हती. पन साहेब किती बारीक होते," सुंदरा म्हणाली आणि एसटी चुकेल म्हणून पायात चपला सरकवल्या.

संध्याकाळी कुमुदताईंनी डायरीतल्या त्या नोंदीखाली आणखी एक ओळ घातली: जाताना मोठा कुकर सुंदराला दिला, तिकडे शिजवायला. आपल्याला लहान पुरेल.